उधाणापर्यंत मुक्काम

कॉकलची खाडी, थर्केटल यांच्या शेताखाली
१३ ऑगस्ट १९५७

ती. थर्झाताईस,
धाकट्या क्लेमेंटचा सा. न. वि. वि.

माझं पत्र इतक्या लवकर आलं म्हणजे काहीतरी बिनसलंय, हे तू पाकीट बघूनच ओळखलं असशील. जिवाला काही झालेलं नाही. फजिती झाली आहे, आणि ती बाबांच्या कानावर कशी घालायची हे तूच ठरव.

शनिवारी माझ्या सुट्टीतल्या सफरीसाठी आपण आपल्या नावेला, पीविटला, उतारावरून पाण्यात लोटलं तेव्हा तू गुडघाभर पाण्यात उभी राहून शिडाची दोरी कशी धरायची ते सांगत होतीस, आणि बाबा खिडकीतून काठी हलवून बहुधा तेच सांगत होते. लंडनच्या कचेरीत चौदा वर्षं टाक घासणाऱ्याला एवढ्या सूचना लागणारच. पण वारा चांगला होता आणि तू शिवलेलं शीड असं काही भरलं की मी अर्ध्या वाटेपर्यंत स्वतःलाच शाबासकी देत होतो.

मग रात्र झाली. ओहोटीला नाव चिखलावर टेकली आणि एका कुशीवर कलंडली. तिच्याबरोबर मी, किटली, आणि तू दिलेला पुडिंगचा वाडगासुद्धा. रात्रभर मी नावेच्या फासळ्यांना पाठ टेकून बसलो होतो. दुसरी रात्रही तशीच गेली. तेव्हा काल दुपारच्या भरतीला मी ठरवलं की आता सपाट जागेवरच झोपायचं. पाणी खाडीकाठच्या गवताळ खाजणावर चांगलं हातभर चढलं होतं. मी नावेच्या तळातून पाण्यात सोडलेली मधली फळी वर ओढली, पीविटला गवतावरून अलगद आत नेलं आणि नांगर टाकला. वरून तंबू ताणला. तंबूचं तोंड बरोबर शेताकडे, पश्चिमेला. पडल्या पडल्या थर्केटलांच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसत होता. आईच्या कुशीत झोपल्यासारखा झोपलो.

आज दुपारी पाणी आलं, नावेपासून हातभर लांब थांबलं आणि परत गेलं. तेव्हा मला चंद्र आठवला. कालचं पौर्णिमेचं उधाण होतं, ताई, आणि मी त्याच्या अगदी शेंड्यावर जाऊन बसलो. आता रोज पाणी कमी कमी चढणार, भांगाच्या, म्हणजे सगळ्यांत कमी भरतीच्या, दिवसांत तर खाजणाच्या कडेलाही शिवणार नाही. एवढं पाणी पुन्हा येईल ते अमावास्येच्या उधाणाला. नावेच्या तळाशी ठेवलेली लोखंडी वजनं काढून ती ओढून बघितली. ती हलली नाही, माझी पाठ मात्र हलली.

नाव सोडून घरी यावं तर थर्केटलांची वासरं खाजणावर चरायला येतात आणि तंबूचं कापड चघळतात. तेव्हा मी इथेच. पत्रं शेतावर पाठव, थर्केटलबाई ठेवून घेतात. बाबांना सांगताना जरा सांभाळून.

माझ्यावरचा लोभ या पत्रानंतरही उरला असेल तर तो तसाच असू दे.

तुझा,
क्लेमेंट


वॉल्डरफ्लीट
१५ ऑगस्ट

चि. क्लेमेंट यास,
थर्झाताईचे अ. आ.

सांभाळून सांगायचं म्हणून मी तुझं पत्र बाबांना न्याहारीनंतर वाचून दाखवायला घेतलं, ती माझी चूक. त्यांचा चहा अजून संपायचा होता, तो नाकातून बाहेर आला. हिवाळ्यानंतर आज पहिल्यांदा ते असे हसले. हसण्यातून शब्द फुटेनात, तेव्हा पक्षाघातातून वाचलेल्या चांगल्या हाताने टेबलावर थापट्या मारत राहिले. मग म्हणाले की पौर्णिमेचा चंद्र सगळ्या सफोकला दिसला, आमच्या एकट्या चिरंजीवांना दिसला नाही. आणि आपण पन्नास वर्षं नावा बांधल्या त्या या दिवट्यासाठी. पेटिटकाकू कुंपणापलीकडून विचारायला आल्या की कोण वारलं.

तर फजिती माफ. बाबांना हसवलंस म्हणून उलट माझ्याकडून एक केक, दोन जोड मोजे आणि पाठीला चोळायचं मलम पाठवते आहे. मलम केकपासून लांब ठेव.

आता कामाचं. अमावास्या पंचवीसला आहे, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत तू पाण्यावर असशील आणि त्याच संध्याकाळी घरी. मला शनिवारी एकतीसला निघायचं आहे. मॉल्डनच्या शिडांच्या कारखान्यातून हाऊलेटसाहेबांचं पुन्हा पत्र आलं: पहिल्या तारखेपासून जागा माझी, वरच्या मजल्यावर खोली, खिडकी नदीवर. मात्र त्यापुढे थांबणार नाहीत, कारण दुसरी एक बाई तयारच आहे. क्लेम, बाबांच्या आजारपणाच्या या सहा वर्षांत मी पीविटच्या शिडाखेरीज एकाही शिडाला टाका घातलेला नाही. माझ्या तळहाताचे घट्टे गेले, आता भांड्यांच्या सोड्याने तळवे मऊ पडलेत, आणि मला त्याची लाज वाटते. तू घराजवळच्या इप्सविचच्या कचेरीत बदली आणि काम घरी आणून करायची परवानगी मागून घेतलीस आणि आता माझी पाळी असं आपण होऊन म्हणालास, तेव्हा मी पडवीत जाऊन रडले होते. तुला सांगितलं नव्हतं.

इथलं नेहमीचंच. बाबांना अंडं उकडायला लागतं त्याहून जास्त वेळ एकटं ठेवता येत नाही. मंगळवारी मी फक्त कोपऱ्यावर पत्र टाकायला गेले, तर आल्यावर ते जमिनीवर, आणि मला म्हणतात कसे, की इथून छत चांगलं दिसतं. बाहेर पाऊल टाकलं तरी माझे कान घरातच असतात. तुझी कैद निदान उघड्या आभाळाखालची आहे.

मोजे घालत जा. माया आहे ती आहेच, ती केकवरून ओळख.

तुझी,
थर्झाताई


कॉकलची खाडी
१९ ऑगस्ट

ती. थर्झाताईस,
क्लेमेंटचा सा. न. वि. वि.

केक मिळाला, मलम मिळालं, दोन्हींचा वास एकच येतोय तरीही संपवला. मलम नव्हे, केक.

भांगाचे दिवस लागलेत. खाडी ओहोटीला तळापर्यंत रिकामी होते आणि भरतीलाही जेमतेम भरते. माझ्याभोवती चिखल, त्यावर बगळे, आणि मधोमध गवतावर नाव घेऊन बसलेला मी. बांधावरून फिरायला जाणारी मंडळी थांबून बघतात. काल एका म्हाताऱ्याने टोपी काढून विचारलं की इथे कायमचं राहायला आलात का. मी म्हटलं, की अमावास्येपर्यंतचं भाडं भरलंय.

पण खरं सांगू, दिवस वाईट जात नाहीत. सकाळी स्टोव्हवर बेकन परततो. मग खाजणातला खारट पाला खुडून आणतो, तो उकळून लोण्याशी खातो. दर बुधवारी दुपारी शेतावर पाववाल्याची गाडी येते. गेल्या बुधवारी मी बांधावरून चालत गेलो तर थर्केटलबाईंनी मला जेवायला बसवल्याशिवाय सोडलं नाही, आणि आता दर बुधवारी यायचं असं बजावलं. त्यांचे पिठाचे गोळे असे की दोन खाल्ले की तीन वाजेपर्यंत खुर्चीतून उठता येत नाही. संध्याकाळी उन्हं तंबूच्या तोंडातून सरळ आत येतात आणि मी पाय बाहेर सोडून पक्षी मोजतो. कोणी काही मागत नाही. लंडनमध्येही कोणी मागत नव्हतं म्हणा, पण तिथे ते जाणवायचं नाही.

बाबा कसे आहेत? अंघोळीला अजून तू एकटीच उचलतेस का? पेटिटकाकूंच्या मुलाला हाताशी का घेत नाहीस?

इथे वारा पडलाय. नाव जागेवर, मीही जागेवर.

आहे तेवढी माया राहू द्यावी, जास्त मागत नाही.

तुझा,
क्लेमेंट


वॉल्डरफ्लीट
२४ ऑगस्ट

चि. क्लेमेंट यास,
थर्झाताईचे अ. आ.

काल आमच्याकडे काय गंमत झाली. गुरुवारी रात्रीपासून उत्तरेचा वारा सुटला, तुझ्याकडेही सुटलाच असेल. काल सकाळी भरती आली ती थांबायलाच तयार नाही. बाबा खिडकीतून ओरडायला लागले की ती बघ, समुद्र आत ढकलतोय. उत्तरेचा वारा पाणी नदीत कोंबतो हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक, पण ऑगस्टात असं मी पाहिलं नव्हतं. पौर्णिमेच्या उधाणाला पाणी उताराच्या वरच्या दगडापर्यंत आलं होतं. काल तो दगड बुडला आणि पाणी पेटिटकाकूंच्या खुराड्यात शिरलं. काकू स्कर्ट खोचून कोंबड्या एकेक करून आमच्या स्वयंपाकघरात आणत होत्या. त्रेपन्नच्या पुरानंतर त्यांना पाण्याचा असा धसका बसलाय की कोंबड्या झाल्यावर त्यांनी भिंतीवरचं घड्याळही आणलं.

तर म्हणजे तू सुटलास. पौर्णिमेपेक्षा वर पाणी, मग पीविट तरंगली नसेल तर नवल. अमावास्येची वाट बघायची गरजच उरली नाही. मी काल संध्याकाळपासून नदीकडे बघते आहे. आज सकाळीही आला नाहीस, म्हणजे वारा ओसरायची वाट बघत असशील, ते शहाणपणाचंच. सोमवारपर्यंत येशील असं धरते.

माझी पत्र्याची पेटी भरून तयार आहे. ती गाडीवाल्याकडून पुढे पाठवून देईन. शीड शिवताना हाताला घालायचं अंगठ्याचं चामडं आणि सुया सगळ्यात वर ठेवल्यात. बाबांच्या औषधांचं, अंघोळीचं सगळं तुला दोन दिवसांत दाखवते. अंघोळ आधी अवघड वाटेल, मग नाही वाटणार.

मला वेड्यासारखा आनंद झालाय. बाबांसमोर दाखवत नाही, पण मघाशी मी भांडी घासताना गात होते म्हणे. कोंबडी घाबरली.

लवकर ये. लोभ समोरासमोर देईन.

तुझी,
थर्झाताई


कॉकलची खाडी
२५ ऑगस्ट, रविवार

ती. थर्झाताईस,
क्लेमेंटचा सा. न. वि. वि.

तुझं कालच्या पहिल्या टपालाने निघालेलं पत्र शेतावरून काल संध्याकाळीच आणलं आणि तेव्हापासून काय लिहावं या विवंचनेत आहे. ताई, पीविट अजून इथेच आहे. इकडे खाडीचं तोंड दक्षिणेला, त्यामुळे उत्तरेच्या वाऱ्याचं पाणी आत शिरलंच नाही असं दिसतं. आलं थोडं, पण नाव काही उचलली गेली नाही. मीही निराश झालो.

आणि आणखी वाईट असं की या अमावास्येचं पाणी पौर्णिमेइतकं चढेल असं मला वाटत नाही. थर्केटलही म्हणतात की खरं मोठं पाणी सप्टेंबरातच. तोवर नाव सोडून येणं बरं नाही. वासरं आहेत, शिवाय बाबांच्या हातची ही शेवटची नाव.

हाऊलेटसाहेब एखादा महिना थांबणार नाहीत का? तुझ्यासारखी शिवणारी त्यांना कुठे मिळणार आहे. एक विनंतीचं पत्र टाकून बघायला काय हरकत आहे. माझ्या कचेरीचंही मी बघतो काहीतरी.

आज हवा छान आहे. सकाळी जाग आली तर ऊन सरळ चहाच्या कपात पडलं होतं. मनात आलं, इतकी शांतता आपल्या घरी कधी होती का?

रागावू नकोस. रागावलीस तरी लोभ काढून घेऊ नकोस.

तुझा,
क्लेमेंट


पीविट, कॉकलची खाडी
२८ ऑगस्ट, बुधवार

चि. क्लेमेंट यास,
थर्झाताईचे अ. आ.

हे पत्र तुझ्या स्टोव्हखाली ठेवते आहे. स्टोव्ह बांधावर, खांबाजवळ आहे. तुझी पिशवी, पांघरूण आणि मलमही तिथेच आहे. नाव मी नेली.

तुझं रविवारचं पत्र मी सोमवारी वाचलं, दुसऱ्यांदा बाबांना वाचून दाखवलं. आधी मला खरंच वाटलं, आणि मी हाऊलेटसाहेबांना विनंती लिहायला कागद घेतला. बाबांनी मला थांबवलं. मग म्हणाले की चहावाला भाग पुन्हा वाच. मी वाचला. त्यांनी विचारलं की पहिल्या पत्रात तंबूचं तोंड कुठे होतं. पश्चिमेला, शेताकडे. सकाळचं ऊन पश्चिमेकडून कोणाच्या कपात पडतं, क्लेम? चिखलात रुतलेली नाव आपण होऊन वळत नाही. शुक्रवारी ती तरंगली, वाऱ्यात फिरली, आणि तू तिथेच बसून राहिलास.

मी कागद ठेवला आणि भांडी घासायला गेले. फार राग आला. इतका की बशी फुटली. तू न येण्याचा तेवढा नाही. मी गात होते याचा.

बाबांनी हाक मारली. मी जाऊन बसले तर ते म्हणाले की बुधवारी दुपारी पाणी चांगलं असेल आणि बुधवारी त्या दिवट्याला पिठाचे गोळे असतात. मी म्हटलं, तुम्हाला सोडून कशी जाऊ. ते म्हणाले की तू गेलीस तर तो येईल, तू राहिलीस तर कोणीच कुठे जाणार नाही. मग तासभर मला मॉल्डनची वाट सांगितली, थांबत थांबत, शब्द अडला की चमच्याने टेबलावर नदी काढत. खाजणातून निघताना फळी वर, मग नदीच्या मध्यावर, ओहोटीबरोबर खाली. पहिली रात्र मुखाच्या आत, वाळूच्या दांड्यामागे. सकाळचं पाणी बघून मगच बाहेर. मी म्हटलं, नाव क्लेमेंटची ना? म्हणाले की नाव जो तिला हलवतो त्याची.

तर मी आले. तू म्हणालास तसा थर्केटलांकडे जेवत होतास, बांधावरून मला तुझी पाठ दिसली खिडकीत. तुझ्या नांगराला तू दुहेरी गाठ मारली होतीस. वाऱ्याने नाव सुटू नये म्हणून मारतात तशी. ती सोडवायला मला वेळ लागला.

माझी सायकल खांबाला टेकवून ठेवली आहे. टोपलीत तुझ्यासाठी ॲपल पाय आहे, खाऊन घे. पेटिटकाकू बाबांजवळ चारपर्यंत बसणार आहेत, चार वाजता त्यांच्या मुलीकडे जायची बस आहे आणि ती त्या चुकवणार नाहीत. मी सांगितलंय की चारच्या आत तू पोचशील. चुकून उशीर झाला तर बाबा एकटे असतील, हे मला नाव चालवताना सारखं डोक्यात राहणार आहे. तू तसं करणार नाहीस एवढ्या भरवशावर मी नांगर उचलते आहे. दुसरं काही माझ्याकडे नाही.

पाणी वळायला आलं. तू मला फसवलंस तरी माझा लोभ आहे, आणि हे लिहिताना मला रडू येतंय, पण मी निघते.

तुझी,
थर्झाताई


वॉल्डरफ्लीट
२९ ऑगस्ट

ती. थर्झाताईस, मॉल्डन मुक्कामी,
क्लेमेंटचा सा. न. वि. वि.

चारला दहा कमी असताना पोचलो. काकू टोपी घालून दारात उभ्या होत्या. मला, बायकी सायकलवर, चिखलाच्या बुटांत, टोपलीत ॲपल पाय घेऊन आलेला बघून त्या एवढंच म्हणाल्या की बाबांचं पांघरूण सरकलंय. आणि बसकडे धावल्या.

खाजणावर नाव नाही हे बघून मी आधी चोरीच समजलो. मग पत्र वाचलं. तिथे बांधावर बसून मी तुला जे जे बोललो ते थर्केटलांच्या वासरांनी ऐकलं, पुन्हा लिहीत नाही. राग सायकलवर अर्ध्या वाटेत संपला, पुढे नुसती धाप उरली.

घरात शिरलो तर बाबांनी घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे नाही. म्हणाले की नदीच्या बांधावर ने. मी म्हटलं आधी चहा. म्हणाले, चहा पळून जात नाही, ती जाईल. चाकाची खुर्ची गल्लीतून ढकलताना माझा जीव निघाला, तू हे रोज कशी करतेस, करायचीस, देव जाणे. बांधावर पोचलो आणि तू वळणावरून आलीस. तांबडं शीड पूर्ण भरलेलं, नाव अगदी नदीच्या मध्यावर. बाबांनी चांगला हात वर केला. तू सुकाणू धरून पुढे बघत होतीस. आमच्याकडे पाहिलं नाहीस. बाबांनी हात तसाच धरून ठेवला, तू पुढच्या वळणाआड जाईपर्यंत. मग म्हणाले की शीड उत्तम शिवलंय. डोळ्यांतून पाणी येत होतं, पुसायला मीच हवा होतो, पुसलं.

आता माझं. शुक्रवारी पीविट तरंगली, ताई. चारी बाजूंनी पाणी, नाव माझ्याखाली हलायला लागली, आणि मी नांगर वर घेतलासुद्धा. मग तो परत टाकला. जूनमध्ये मी घरी आलो होतो, तू बाजारात गेली होतीस आणि बाबांना मी न्हाणीत उचललं. ते माझ्या हातात चिमणीएवढे लागले, आणि रडले. मला तो माणूस बघवला नाही ज्याने मला खांद्यावर बसवून नाव दाखवली होती. तुला म्हटलं माझी पाळी, आणि त्याच दिवसापासून मी पाळी टाळायची वाट शोधत होतो. चिखल मिळाला तेव्हा मला आनंद झाला. तो पौर्णिमेचा चंद्र मी खरंच विसरलो होतो का, हे मला स्वतःलाच आता सांगता येत नाही.

काल रात्री अंघोळ घातली. पाणी गार निघालं. बाबांनी मला मूर्ख म्हटलं, साबण डोळ्यात घातलास म्हणाले, तुझ्या बहिणीने असं कधी केलं नाही म्हणाले. रडलो मी, ते नाही. ते म्हणाले की रडून झालं असेल तर पाठ घास.

आज दिवसभर ते दर तासाला विचारतात की थर्झा कुठे असेल. मी म्हटलं मुखापाशी. ते म्हणाले की नाही, दांड्यामागे असेल, तिला पाणी कळतं. त्यांना अंडं उकडायला लागतं तेवढ्या वेळापुरतंच सोडून मी हे पत्र टाकायला कोपऱ्यावर जाईन, तेही धावत.

पोचल्याचं लगेच लिही. मला लिहायचं नसेल तर बाबांच्या नावाने लिही, मी काही म्हणणार नाही. वाचून दाखवायला मी आहे. इथून कुठे जात नाही.

तुझा,
क्लेमेंट